खिशातले पिस्तूल आणि नागरिकाची निर्भयता

वसई आणि नालासोपारा या दोन स्थानकांच्या मधल्या पट्ट्यात, रेल्वेमार्गाच्या पूर्वेस, एव्हरशाईन सिटी ही वसाहत उभी आहे. मुंबईत घर परवडेना म्हणून गेल्या तीन दशकांत येथे आलेला नोकरदार, त्याच्या शेजारी लहान व्यापारी, कंत्राटदार, जमिनीच्या व्यवहारातला मध्यस्थ अशी ही संमिश्र वस्ती आहे. अशा वसाहतींतल्या गप्पांत आता एक नवा विषय ऐकू येतो : परवान्याचे पिस्तूल घ्यावे काय, आणि घ्यायचे तर कोणते? जर्मन वॉल्थर की बेल्जियन ब्राउनिंग? ती आवाक्याबाहेरची असतील तर इशापूरचे पिस्तूल बरे की कानपूरचे रिव्हॉल्व्हर? मोटारीची किंवा शीतकपाटाची तुलना करावी त्याच शांतपणे ही तुलना चालते. वजन किती, गोळ्या किती, खिशात मावते की नाही आणि पुन्हा विकताना किंमत येईल काय. ज्या मध्यमवर्गाने एके काळी शिधापत्रिका आणि दुधाचे कार्ड यांवरून चळवळी केल्या, तो आता सुरक्षितता ही वस्तू दुकानातून विकत आणण्याचा विचार करू लागला आहे, ही घटना साधी नाही. म्हणून या वस्तूचाच थोडा इतिहास आणि थोडे अर्थकारण पाहणे आवश्यक ठरते.

खिशात मावणारे स्वयंचलित पिस्तूल हे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरचे अपत्य. जॉन ब्राउनिंग या अमेरिकन कारागिराने आखलेले आणि बेल्जियमच्या एफ. एन. कारखान्यात तयार झालेले मॉडेल १९०० हे त्याचे मूळ रूप होय. त्यासाठी १८९९ साली ७.६५ मिलिमीटरचे काडतूस सिद्ध झाले, तेच .३२ बोअर या नावाने आजही ओळखले जाते. या पिस्तुलात सात गोळ्या मावत. पुढे १९३० च्या सुमारास जर्मनीच्या वॉल्थर कंपनीने पीपीके काढले, त्याच्या .३२ बोअरच्या आवृत्तीतही सातच. इटालियन सैन्याचे १९३४ चे बेरेटा थोडे जाड गोळीचे, त्यातही सात. लांबी वीतभर आणि वजन पाऊण किलोच्या आत. अभिजात म्हणून आज ज्यांचा गौरव होतो ती शस्त्रे मुळात तडजोडीची शस्त्रे आहेत. नळी आखूड, गोळी दुबळी, नेम धरण्याची खूण जेमतेम दिसेल एवढी. रणांगणावर त्यांचा उपयोग नाही. हात दोन हात अंतरावरच्या बेसावध माणसावर मात्र ती अचूक चालतात, आणि त्यांचा इतिहासही बहुतांशी अशाच माणसांचा इतिहास आहे.

महाराष्ट्राला हे पिस्तूल फार लवकर परिचयाचे झाले. १९०९ साली लंडनच्या इंडिया हाऊसमधून वि. दा. सावरकरांनी चतुर्भुज अमीन यांच्या पेटीच्या चोरकप्प्यातून वीस ब्राउनिंग पिस्तुले हिंदुस्थानात पाठविली. त्यांपैकी एकाने २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात, ‘संगीत शारदा’च्या प्रयोगाच्या वेळी, अनंत कान्हेरे या कोवळ्या तरुणाने जिल्हाधिकारी जॅक्सन याचा वध केला. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे या तिघांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. त्यांच्या त्यागाविषयी आदर बाळगूनही एक गोष्ट नोंदवावी लागते. त्याच जातीच्या छोट्या पिस्तुलाने, ग्वाल्हेरहून मिळविलेल्या बेरेटाने, ३० जानेवारी १९४८ रोजी महात्म्याचा प्राण घेतला. तीन गोळ्या पुरल्या. शस्त्राला विचारसरणी नसते, असे म्हणून हा प्रश्न झटकता येतो. परंतु समोरच्याशी वाद घालण्याची गरजच ज्याला वाटत नाही त्याच्या हाती हे शस्त्र नेहमीच सोयीचे ठरले आहे.

शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा प्रश्न मात्र एवढा सरळ नाही, आणि समाजवाद्यांनी तो सरळ करूही नये. लिटनच्या राजवटीत १८७८ साली झालेल्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसावर परवान्याची सक्ती केली आणि युरोपियनांना सूट दिली. या अपमानाची सल राष्ट्रीय चळवळीत खोलवर होती. म्हणूनच १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांचा जो ठराव केला त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही समाविष्ट होता. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामथ यांनी, जे पुढे प्रजा समाजवादी पक्षाचे खासदार झाले, तोच हक्क घटनेत यावा म्हणून दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला. प्रत्येकाने बाजारात जाऊन हवे ते हत्यार विकत घ्यावे आणि राज्याने त्यात अडकाठी करू नये, अशा स्थितीत राज्यकारभार चालणार कसा, हा त्यांचा आक्षेप होता. दुरुस्ती फेटाळली गेली. गांधीहत्येला तेव्हा वर्षही झालेले नव्हते. दलित वस्तीवर चालून येणाऱ्या जमावाच्या हाती उद्या कोणती शस्त्रे असतील, याची कल्पना त्या सभागृहात बाबासाहेबांइतकी आणखी कोणाला असणार?

स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्याने परवान्याची चौकट कायम ठेवली. वर्णभेद गेला, वर्गभेद राहिला. १९८० च्या दशकाच्या मध्यास खाजगी व्यक्तींसाठी परदेशी शस्त्रांची आयात जवळपास बंद झाली आणि येथे एका विलक्षण बाजारपेठेचा जन्म झाला. पुरवठा गोठला, मागणी वाढत राहिली. ज्या जुन्या वॉल्थरला वा ब्राउनिंगला युरोपात संग्राहकाखेरीज कोणी फारसे विचारत नाही, ती येथे लाखांच्या घरात विकली जाऊ लागली. अर्थशास्त्रात याला दुर्मिळतेचा खंड म्हणतात. रिकार्डोने तो सुपीक जमिनीसंबंधी सांगितला, भारतात तो पिस्तुलाला लागू झाला. या खंडाचा लाभ कोणाला मिळाला, हेही पाहण्यासारखे आहे. सीमाशुल्क खात्याने जप्त केलेली परदेशी पिस्तुले खासदारांना आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांना बाजारभावाच्या मानाने नाममात्र किमतीत विकली जात, हे माहिती अधिकाराखालील अर्जांतून उघड झाले. गरिबाला शिधावाटप दुकानात सवलतीचा गहू, लोकप्रतिनिधीला सवलतीचे पिस्तूल!

ज्यांना हे अभिजात साधन परवडत नाही त्यांच्यासाठी सरकारी कारखान्यांचा माल आहे. इशापूरच्या रायफल कारखान्याचे ‘अशनी’ हे .३२ बोअरचे पिस्तूल, आणि वेब्लीच्या जुन्या आराखड्यावर बेतलेले कानपूरचे .३२ रिव्हॉल्व्हर. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुधनिर्माण मंडळ बरखास्त करून त्याच्या सात कंपन्या करण्यात आल्या. कामगार संघटनांनी त्याला विरोध केला तो योग्यच होता. कंपनी झाली की तिला ग्राहक हवा, आणि नागरी बाजारातला ग्राहक मिळवायचा तर त्याच्या भयाला जाहिरात करणे आले. ऑगस्ट २०२३ मध्ये ‘प्रबल’ हे नवे रिव्हॉल्व्हर पन्नास मीटर पल्ल्याची ग्वाही देत बाजारात आले. पन्नास मीटरवरच्या माणसापासून स्वसंरक्षण करण्याची वेळ कोणत्या नागरिकावर येते, हे कोणी विचारले नाही.

परंतु या सर्वांत बोलके उदाहरण जानेवारी २०१४ चे आहे. दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या अत्याचारानंतर देश हादरला होता. त्या तरुणीला लोकांनी ‘निर्भया’ म्हटले, आणि कानपूरने खास स्त्रियांसाठी म्हणून अर्धा किलो वजनाचे ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर काढले. किंमत १,२२,३६० रुपये. देशाच्या दरडोई वार्षिक उत्पन्नाच्या ती सुमारे दीडपट होती. रात्रीच्या शेवटच्या लोकलने नालासोपाऱ्याला उतरणारी कापडदुकानातली विक्रेती किंवा रुग्णालयातली आया ही वस्तू कधी घेणार? आणि घेतली तरी पर्समध्ये कुलूपबंद ठेवलेले रिव्हॉल्व्हर, त्याचा परवाना आणि प्रशिक्षणाचा दाखला यांचे ओझे वाहत ती कामाला जाणार काय? तिला स्थानकाबाहेर दिवा हवा आहे, रिक्षाचा थांबा हवा आहे, आणि तक्रार न टाळता लिहून घेणारा हवालदार हवा आहे. एका रिव्हॉल्व्हरच्या किमतीत रस्त्यावर किती दिवे लागतात याचा हिशोब महानगरपालिकेच्या कोणत्याही अभियंत्याला मांडता येईल.

तिसरा, सर्वांत स्वस्त पर्याय म्हणजे गावठी कट्टा. वृत्तपत्रांत रोज एखादी ओळ असते : कट्टा आणि जिवंत काडतुसे जप्त, तरुण अटकेत. भारतात बंदुकीने होणाऱ्या खुनांतील बहुतांश विनापरवाना शस्त्रांनी होतात. महाराष्ट्रात येणारा हा माल मोठ्या प्रमाणात मध्य प्रदेशच्या बडवानी, खरगोन भागातून येतो. जळगावच्या चोपडा तालुक्याला लागून असलेले उमर्टी हे गाव त्यासाठी कुप्रसिद्ध आहे. तेथील शिकलगार हे पिढीजात शस्त्रकारागीर. तलवारी घडविणाऱ्या या हातांना इंग्रजांच्या शस्त्र कायद्याने बेकायदा ठरविले आणि स्वराज्याने दुसरे काम दिले नाही. मुंगेरची कथा याहून वेगळी नाही. मीर कासिमच्या काळापासून बंदुका घडविणारे ते शहर परवानाधारक कारखान्यांना ओहोटी लागल्यावर चोरट्या बाजाराकडे वळले. ब्राउनिंगच्या पिस्तुलाची नक्कल साध्या लेथवर करणारा माणूस कुशल कामगार असतो. पोलीस छापा घालतात, भट्ट्या मोडतात, छायाचित्रे छापून येतात आणि काही महिन्यांनी दुसऱ्या पाड्यावर भट्टी पेटते. २०१९ च्या दुरुस्तीने बेकायदा शस्त्रनिर्मितीची शिक्षा जन्मठेपेपर्यंत नेली. त्या गावांत तंत्रशाळा आणि वर्कशॉप नेण्याची दुरुस्ती मात्र कोणी सुचविलेली नाही.

आणि हा स्वस्त पर्याय केवळ खंडणीखोरांच्याच हाती असतो अशा समजुतीत कोणी राहू नये. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्याच्या पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकर, फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात कॉम्रेड गोविंद पानसरे, त्याच वर्षीच्या ऑगस्टात धारवाडला डॉ. कलबुर्गी, सप्टेंबर २०१७ मध्ये बंगळुरूत गौरी लंकेश. या चारही खुनांत तपासयंत्रणांना सापडल्या त्या ७.६५ मिलिमीटरच्या गोळ्या, १८९९ च्या त्याच मापाच्या, आणि त्या गावठी पिस्तुलांतून झाडलेल्या होत्या. कलबुर्गी आणि गौरी यांच्यावर तर एकाच पिस्तुलातून गोळ्या झाडल्या गेल्याचे कर्नाटकच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेने म्हटले. ऑगस्ट २०१८ मध्ये दहशतवादविरोधी पथकाने नालासोपाऱ्यात छापा घालून गावठी बॉम्ब जप्त केले. त्याच तपासात देशी पिस्तुले, अर्धवट घडविलेले सांगाडे आणि सुटे भागही हाती लागल्याचे पथकाने जाहीर केले. एव्हरशाईन सिटीपासून हे अंतर रिक्षाने जाण्याइतके आहे. मे २०२४ मध्ये पुण्याच्या विशेष न्यायालयाने दाभोलकरांवर गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांना सोडले. कट रचणारा मेंदू कोणाचा, हे अकरा वर्षांनंतरही सिद्ध झाले नाही. या चौघांपैकी कोणाच्या खिशात पिस्तूल असते तर ते वाचले असते काय? पाठीमागून वा दारात येऊन गोळी झाडणाऱ्यापुढे खिशातले पिस्तूल काय करणार! दाभोलकर तर संरक्षण नाकारूनच सकाळी फिरायला जात.

वसईच्या भूमीला पिस्तूल नवे नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस येथील शेती आणि बागायतीच्या जमिनी बांधकामाला खुल्या होऊ लागल्या आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारख्यांनी ‘हरित वसई’ची चळवळ उभी केली. जमिनीला सोन्याचा भाव आला तशी तिच्याभोवती दहशत आली. ऑक्टोबर १९८९ मध्ये नालासोपारा स्थानकाच्या फलाटावर एका बांधकाम व्यावसायिकाला गोळ्या घालून ठार करण्यात आले. त्यानंतर या भागाला २००९ साली महानगरपालिका मिळाली, २०१४ साली पालघर जिल्हा झाला, २०२० साली मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय आले. तरीही ऑगस्ट २०२५ मध्ये विरारला अनधिकृत इमारत कोसळून सतरा माणसे गेली. त्यांना कोणी गोळी घातली नव्हती. पण ज्या जमीनव्यवहाराने फलाटावरचा खून घडविला, त्याच व्यवहाराचे तेही बळी होते, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

परवान्याचे शस्त्र जबाबदार माणसाच्या हाती असते, असा एक युक्तिवाद केला जातो. फेब्रुवारी २०२४ मध्ये उल्हासनगरला पोलीस ठाण्याच्या आत, अधिकाऱ्याच्या दालनात गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्या प्रकरणी अटक झाली ती विद्यमान आमदाराला. वाद जमिनीचा होता. बीड जिल्ह्यात डिसेंबर २०२४ च्या सरपंच हत्येनंतर बाराशेहून अधिक शस्त्रपरवाने असल्याचे बाहेर आले, आणि मग शंभराहून अधिक रद्द करण्यात आले. ते देताना कोणती जबाबदारी तपासली होती? पिस्तूल ही अशी वस्तू आहे की एकाने घेतली की शेजाऱ्याची सुरक्षितता घटते. मग तोही घेतो. शेवटी दोघेही पूर्वीइतकेच भ्यालेले राहतात, फक्त दोघांचे पैसे गेलेले असतात. देशादेशांतील शस्त्रस्पर्धेचा हा नियम गृहनिर्माण संस्थेच्या दोन मजल्यांनाही लागू पडतो.

खरोखर जीविताला धोका असलेले नागरिक असतात, आणि एखाद्याला परवाना नाकारणे अन्यायाचेही ठरू शकते. म्हणून निर्णय उघड्यावर व्हायला हवा. आयुक्तालयाच्या हद्दीत परवाने देण्याचा अधिकार आयुक्तांचा आहे. दरवर्षी किती अर्ज आले, किती मंजूर झाले, अर्जदारांचे व्यवसाय कोणते, त्यांपैकी किती जणांवर गुन्हे दाखल आहेत आणि किती जण जमीन व बांधकामाच्या धंद्यात आहेत, हे नावे वगळून प्रसिद्ध करण्यास कोणती अडचण आहे? गृहनिर्माण संस्थांनी वॉल्थर आणि अशनी यांची तुलना करण्याआधी ही आकडेवारी मागावी. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात.