हिरवळीचा हट्ट

फाल्गुन लागला कीं आमच्या शहरांतील बंगल्यांपुढच्या हिरवळी पिवळ्या पडूं लागतात, आणि त्यांचे धनी घाबरे होतात. कोणी टँकर मागवितो, कोणी युरिया फेंकतो, कोणी जुनें गवत खणून तयार गवताच्या गाद्या अंथरतो. या साऱ्या खटाटोपास माझा स्पष्ट विरोध आहे. फाल्गुनांतील पिवळी हिरवळ हा रोग नव्हे. तिला रोगी ठरवून तिच्यावर पाणी ओतीत बसणें, हाच खरा रोग होय.

हिरवळीची हौस आपण इंग्रजांपासून घेतली. त्यांची हवा कांहीं घेतां आली नाहीं. लंडनास वर्षाकाठीं सुमारें ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, छत्रपती संभाजीनगरास सुमारें ७००. आंकड्यांत आपणच श्रीमंत! परंतु तेथील पाऊस बारा महिने वांटून येतो. आपला बहुतेक सारा चार महिन्यांत उरकतो. उरलेले आठ महिने इंग्रजी हिरवेपणा मिरवावयाचा, तर तो दुसऱ्याच्या घागरींतून काढावा लागतो.

हें घागरीचें बोलणें केवळ अलंकार नव्हे. एक हजार चौरस फूट हिरवळीस एक इंच पाणी देण्यास सुमारें २,३६० लिटर लागतात. २०१९ सालीं सुरू झालेल्या जलजीवन मिशननें खेड्यांतील माणसास रोजीं ५५ लिटर हें माप ठरविलें. त्या मापानें एका भिजवणींत बेचाळीस माणसांचें दिवसाचें पाणी जिरतें. जायकवाडीचें धरण १९७६ सालीं पुरें झालें, तरी या शहरानें नळाची आठ-आठ दिवस वाट पाहिलेली आहे. आणि २०१६ सालीं लातुरास आगगाडीनें पाणी न्यावें लागलें, तें याच मराठवाड्यांत.

"पण आमची स्वतःची विंधनविहीर आहे," असें कोणी म्हणेल. भोंक आपलें खरें. पण खालचें पाणी आपल्या कुंपणाची भिंत ओळखीत नाहीं.

हें मी सोंवळ्यांत बसून सांगत नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं मार्च महिन्यांत मीही रबरी नळी धरून हरळी भिजवीत उभा होतों. घरकामास येणारी बाई फाटकाशीं हंडा घेऊन थांबली व म्हणाली, "सर, गवताचं झालं की दोन हंडे भरून घेऊ का?" बोलण्यांत उपरोध मुळींच नव्हता. गवताची पाळी आधीं, आपली मागून, हें तिनें गृहीतच धरलें होतें. मीं नळी तिच्या हातीं दिली. ती पुन्हां गवताकडे वळविण्याचें धैर्य मला झालें नाहीं. त्या उन्हाळ्यांत हरळी पार वाळली, आणि मृगाचे पाऊस होतांच पुन्हां फुटली.

यांत चमत्कार कांहीं नाहीं. गणपतीस वाहतों ती दूर्वा म्हणजेच ही हरळी. थंडी व कोरडी हवा यांनीं तिचें पातें वाळतें, परंतु जमिनींतील कांडी जिवंत राहते. शंका असेल त्यानें एक कांडी उपटून पाहावी: पांढरी व टणक असेल तर गवत झोंपलें आहे, तपकिरी व ठिसूळ असेल तरच मेलें आहे. मेलेल्या ठिकाणीं बहुधा दोष पाण्याचा नसून तुडवून घट्ट झालेल्या मातीचा किंवा दाट सावलीचा असतो. पावसाच्या तोंडावर दांताळ्यानें वाळलेला थर ओढून काढावा, घट्ट माती टोंचून मोकळी करावी, कुजलेलें शेणखत चाळून पातळ पसरावें, आणि पाऊस सुरू झाल्यावर उघड्या जागीं हरळीच्याच कांड्या लावाव्या. दोन इंचांहून खालीं कापूं नये. खर्च थोडा आहे. लागतो तो धीर.

घरापुढें हिरवें नकोच, असा माझा हट्ट नाहीं. मुलांना खेळावयास मऊ अंगण हवेंच. परंतु मृगापर्यंत पिवळें अंगण ज्याला पाहवत नाहीं, त्यानें हिरवळ ठेवूं नये. एक कडुनिंब लावावा. दोन-तीन उन्हाळे त्याला धुण्याभांड्यांचें उरलेंसुरलें पाणी घालावें. पुढें तो कोणाच्या हंड्यांतलें मागत नाहीं, आणि हंडा घेऊन उभें राहणाऱ्यास सावली मात्र देतो.