सूट नको, गार खोली बांधा

घोलवडच्या चिकूस 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. 'डहाणू घोलवड चिकू' हे नाव सरकारी दप्तरी चढले. फार चांगले झाले. परंतु शेतकरी बंधुहो, नावाने फळ टिकते काय? झाडावरून उतरलेला चिकू थोड्याच दिवसांत पिकतो आणि लगेच नासू लागतो. फळ मऊ होते तसा व्यापारी कठीण होतो. ज्याच्यापाशी गार खोली नाही, त्याने मिळेल त्या भावास माल द्यावा, हाच आजचा रिवाज. लहान बागवान, फळ उतरविणारा वारली मजूर, टोपल्या विणणारा कारागीर, ह्या सर्वांची भाकरी त्या चार दिवसांवर टांगलेली आहे.

सरकार म्हणते, आम्ही 2020 साली 1 लाख कोटी रुपयांचा कृषी पायाभूत सुविधा निधी उभारला. आकडा ऐकून गरिबाचे डोळे दिपतात. पण गाठोडे सोडून पाहावे तर आत रोकड नाही, कर्ज आहे! 2 कोटींपर्यंतच्या कर्जावर 7 वर्षे व्याजात 3 टक्के सूट. सहकारी संस्थांसही हे दार उघडे आहे आणि सरकार हमीही देते, हे आम्ही नाकारीत नाही. पण हमी असली म्हणून हप्ता चुकत नाही. ज्याची बँकेत पत, त्यासच सूट. 2006 च्या कायद्याने मिळालेला वनपट्टा वारसाने चालतो, पण विकता येत नाही. त्या पट्टेदाराने तारण म्हणून काय ठेवावे?

रेल्वेचेही तेच. 2020 साली किसान रेल्वे निघाली, फळांच्या भाड्यात निम्मी सूट मिळाली. पुढे सूट सरली, आणि गावात एक वीटही मागे राहिली नाही. सूट येते आणि जाते. बांधलेली भिंत उभी राहते.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. घोलवड स्टेशनाजवळ सरकारी पैशाने फळ निवडण्या-बांधण्याची पडवी, खरा काटा आणि गार खोली बांधावी. खोली चिकूस मानवेल अशीच हवी, कारण फाजील गारठ्याने हे फळ बिघडते. तिची मालकी ग्रामसभेची असावी. 1996 च्या पेसा कायद्याने गावबाजार चालविण्याचा अधिकार तिलाही दिला आहे. पेट्या मोजून भाडे घ्यावे. दहा पेट्यांवाल्यास आणि हजार पेट्यांवाल्यास दर एकच.

कोणी म्हणेल, ही फुकटाची सवय. वाहवा! ह्याच डहाणू तालुक्यातील वाढवण बंदरास 2024 साली सुमारे 76 हजार कोटींची मंजुरी मिळाली, तेव्हा सरकारी संस्थांनी पैसा घालावा ह्यात कोणास फुकटेपणा दिसला नाही. जहाजासाठी धक्का हे राष्ट्रकार्य, आणि चिकूसाठी खोली ही भीक काय?

1945 साली तलासरीकडील झरी गावी वारल्यांनी वेठ नाकारली. नासण्याच्या भीतीने पडत्या भावात माल देणे, ही आजची वेठच आहे. बंधुभगिनींनो, येत्या ग्रामसभेस घरी बसू नका. ठराव लिहून घ्या, वाचून घ्या, मगच सही-अंगठा करा, आणि त्याची नक्कल हातात घेतल्याशिवाय उठू नका.