मळा कोणाच्या हातीं द्यावा?

शाळेच्या वार्षिकांत शिक्षकानें लिहावयाचें म्हणजे शिस्त, अभ्यास किंवा वेळेचा सदुपयोग यांवर लिहावें, अशी वाचकांची अपेक्षा असते. यंदा आम्ही वांगीं, पडवळ व लाल माठ यांजविषयीं लिहिणार आहों. पालकांनीं रागावूं नये. आमच्या मतें हा विषय शाळेबाहेरचा नाहीं.

आमच्या घरामागें दोन गुंठ्यांचा एक मळा होता. जागा अजून तेथेंच आहे, परंतु मळा आतां आमचा नाहीं. मालवणच्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांस परसांतल्या मळ्याची थोरवी सांगावयास नको. पावसाळ्यांत मांडवावर दोडकीं, पडवळ व तवशीं चढवावयाचीं, आणि पावसानें पाठ फिरविली कीं त्याच जागीं वाफे करून माठ, मुळा, मिरची, वाल व वांगीं लावावयाचीं. जांभ्या दगडाच्या जमिनीचा कस तो केवढा! शेण, चुलींतली राख व कुजलेला पाला वर्षानुवर्षें घालावा, तेव्हां ती माती म्हणण्याजोगी होते. पाण्याचेंही तसेंच. भर समुद्रांत उभ्या असलेल्या सिंधुदुर्ग किल्ल्यांत दूधबाव, दहीबाव व साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, हें मुलें सहलीस जाऊन कौतुकानें पाहतात. परंतु किनाऱ्यालगतच्या कित्येक घरगुती विहिरींचें पाणी चैत्र-वैशाखांत मचूळ होतें, हें ज्याच्या वांग्यांचीं पानें करपतात त्यासच ठाऊक. सतरा वर्षें आम्ही रोज शाळेपूर्वीं तासभर कळशीनें पाणी वाहिलें. घरीं पंप होता. तरीही रोपांस कळशीनेंच पाणी घालावें, असा आमचा हट्ट होता. त्याचें समर्थन आज आम्ही करीत नाहीं.

तीन वर्षांपूर्वीं एका सकाळीं मळ्यांतून परततांना पायरीवर रक्ताचे ठसे दिसले. कोणाचें रक्त म्हणून पाहूं लागलों, तों तें आमच्याच पायाचें! खिळ्याएवढा कांटा तळव्यांत शिरला होता आणि आम्हांस त्याची वार्ताही नव्हती. मधुमेह आमच्या अंगीं आठ वर्षें मुरला होता. रक्तांतील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली म्हणजे पायांच्या नसा निकामी होऊं लागतात व तळव्यांची संवेदना जाते, हें आम्ही स्वतःच वर्गांत सांगितलें होतें. ती जखम भरावयास साडेचार महिने लागले. ओल्या मातींत पुन्हां उतरावयाचें नाहीं, असें डॉक्टरांनीं बजाविलें.

आम्ही त्यावर युक्ति काढली. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आणले. एके दिवशीं त्यांतील एकांत खडा गेला, आणि सबंध सकाळभर त्या खड्यावर उभे राहून आम्ही वांग्यांस मातीची भर देत राहिलों. घरीं येऊन बूट काढला तेव्हां टांच सोलवटलेली. तो खडा हातांत घेतला. हाताला तो चांगलाच टोंचला. त्या क्षणीं मळा सुटला, असें आम्ही समजतों.

हें दुखणें आमच्या एकट्याचें नाहीं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहाय्यानें झालेली जी पाहणी २०२३ सालीं प्रसिद्ध झाली, तीप्रमाणें देशांत १० कोटींहून अधिक लोकांस मधुमेह आहे. आमच्या शेजारच्या गोव्यांत तर प्रौढांमध्यें हें प्रमाण शेंकडा २६ च्या वर निघालें. तेव्हां हा लेख वाचणाऱ्या पुष्कळ मुलांच्या घरीं असा एखादा पाय असेलच. त्या मुलांनीं रोज रात्रीं तो पाय उजेडांत पाहावा. ज्याचा पाय असतो त्यास तळवा दिसत नाहीं व दुखतही नाहीं.

मळा सोडण्याचें ठरल्यावर सल्ला देणारे पुष्कळ भेटले. कोणी म्हणाले, गडी ठेवा. कोणी म्हणाले, बेळगांव-कोल्हापूरची भाजी रोज घाट उतरून बाजारांत येते, मग हा खटाटोप हवा कशाला? याचें उत्तर आम्ही दिलें नाहीं. ज्यानें पहांटे दंव पडलेला माठ स्वतः खुडला आहे, त्यास उत्तर नको, आणि ज्यानें खुडला नाहीं त्यास तें पटणार नाहीं. परंतु नववीतील पांच-सहा मुलें एके दिवशीं दाराशीं येऊन उभीं राहिलीं व पाळीपाळीनें पाणी घालूं म्हणालीं, तेव्हां आमचें मन डळमळलें. तरीही आम्ही नाहीं म्हटलें. गुरूच्या घरीं शिष्यानें राबावें ही जुनी रीत आहे, व कांहीं पालकांस ती अजून गोड वाटते. आम्हांस ती मान्य नाहीं. ज्याच्या हातीं मुलाचे गुण आहेत, त्यास तें मूल नकार देऊं शकत नाहीं. आणि नकार देतां येत नसतां केलेली सेवा ही सेवा नव्हे. त्यांतला एक मुलगा बराच हिरमुसला. त्याचें वाईट वाटलें. मत मात्र बदललें नाहीं.

रोमचा बादशहा डायोक्लीशन यानें मोठ्या आजारानंतर इ. स. ३०५ मध्यें सिंहासन सोडलें व तो समुद्रकांठीं आपल्या वाड्यांत कोबी लावीत बसला. राज्य पुन्हां हातीं घ्या म्हणून लोक आले, तेव्हां आपल्या कोबीपुढें त्यास राज्य फिकें वाटलें, अशी कथा आहे. तो भाग्यवान खरा! राज्य सोडणाऱ्यास मळा असतो. मळाच सोडावा लागला तर मनुष्यानें जावें कोठें?

खरी अडचण बियाण्याची होती. आमच्या आईनें जपलेली पांढऱ्या रेघांच्या वांग्याची बी आमच्याकडे होती. तवशाच्या बिया राखेंत घोळून ती भिंतीस थापून ठेवी. वांग्याची बी कापडाच्या पुरचुंडींत चुलीच्या वर टांगी. बी कितीही जपली तरी ती अमर नाहीं. पेरीत राहिलें तरच ती टिकते. अकोले तालुक्यांतील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनीं गांवठी बियाणीं राखलीं, म्हणून त्यांस २०२० सालची पद्मश्री मिळाली. त्यांचें कार्य राखण्याइतकेंच वांटण्याचें आहे. मालवणी मसाल्याचा जीव जी मिरची, तीही मूळची अमेरिकेंतली, पोर्तुगीजांच्या जहाजांतून इकडे आलेली. कोणी तरी कोणास तरी चार बिया दिल्या, म्हणून ती आपली झाली.

अखेर गेल्या जून महिन्यांत मळा शेजारच्या वहिनींस दिला. पीक त्यांचें, पाणी आमच्या विहिरीचें. देतांना कोणत्या वाफ्यांत काय लावावें याचा एक कागदही आम्ही लिहून दिला. (शिक्षकाची खोड!) वहिनींनीं तो घडी घालून ठेवला, आणि महिन्याभरांत पडवळाचा मांडव मोडून तेथें दसऱ्यासाठीं झेंडू लावला. आम्ही विचारावयास गेलों, तर हंसून म्हणाल्या, "मास्तरांनू, पडवळ आता खाता कोण?" त्या रात्रीं झोंप आली नाहीं. आठ दिवसांनीं आम्ही पुन्हां गडग्यापाशीं उभे राहून सूचना करूं लागलों. या वेळीं त्या कांहीं बोलल्या नाहींत. हातांतली कुदळ तेवढी आमच्यापुढें धरली.

ती आम्हांस घेतां आली नाहीं. आम्ही मळा दिला होता, परंतु हुकूम स्वतःकडे ठेवला होता. आमचें आतां स्पष्ट मत असें आहे कीं, जो देतो त्यानें चुकण्याचा अधिकारही बरोबर द्यावा, आणि तो हातांत बळ असतांनाच द्यावा. तसेंच घरांतील तरुणांनीं आजारी वडिलांस 'तुम्ही स्वस्थ बसा' एवढेंच सांगून मोकळें होऊं नये. कोणती बी केव्हां पेरावी हें त्यांस विचारावें, ऐकावें, व मग हवें तें करावें. आम्ही कागद फाडा म्हणून सांगितलें. गडग्यापाशीं जाणें आठवड्यांतून एकदांवर आणलें आहे. त्याहून कमी होत नाहीं.

झेंडू परतीच्या पावसांत अर्धा कुजला. कार्तिकांत वहिनी आपण होऊन आल्या व वांग्याची बी मागूं लागल्या. पुरचुंडी दोन वर्षांची जुनी. रोप टाकण्यापूर्वीं पारख करावी म्हणून २० बिया ओल्या फडक्यांत बांधून ठेवल्या होत्या. काल फडकें सोडलें. ११ रुजल्या आहेत.