शेवट ठाऊक, तरी पान उलटतेच

रिबेका यारोस यांच्या ‘फोर्थ विंग’ या कादंबरीत (२०२३) ड्रॅगनस्वारांच्या विद्यालयात शिरायचे तर उंच, अरुंद कठड्यावरून चालत जावे लागते, पाय घसरला की खेळ खलास. ज्या झेडनपासून जपून राहायचे त्याच्यावरच नायिका व्हायोलेट भाळणार, हे पुण्यातला सराईत वाचक केव्हाच ओळखतो, आणि तरी रात्री दोनपर्यंत जागतो. हे व्यसन मराठीला जुनेच. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ची: सोज्वळ नायिका, कपटी खलपुरुष, संकटांमागून संकटे आणि अखेर दुष्टांना शासन. (यात बिघडले काय? वाचकाला तेच हवे होते.) पाठोपाठ नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ आली. १८७२मध्ये काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी नावल (म्हणजे कादंबरी) आणि नाटकांवरच्या निबंधात या अद्भुताचा समाचार घेतला. पुढे १८८५मध्ये हरिभाऊ आपट्यांची ‘मधली स्थिति’ ‘पुणेवैभव’मधून येऊ लागली आणि प्रतिष्ठा वास्तवाकडे गेली. वाचक मात्र सगळा गेला नाही. नाथमाधवांच्या अद्भुतरम्य ‘वीरधवल’वर त्याने मनापासून प्रेम केले. ‘फोर्थ विंग’ची भाषा बेताची आहे, प्रेमप्रकरण ठरावीक आहे, पण जीवघेण्या परीक्षांचे प्रसंग मात्र फक्कड जमले आहेत. जोडून सुट्टी आली तर खुशाल वाचावी.