पट्टकृमीची जात आणि शेजाऱ्याचा मेंदू

हुडकेश्वर व नरसाळा ही गावे २०१३ साली नागपूर महापालिकेच्या हद्दीत आली. शहराच्या कडेला घरे आधी आणि मलनिस्सारण मागाहून, हा आपल्या नगरविस्ताराचा नेहमीचाच क्रम. या दिरंगाईचा मानवी मेंदूशी संबंध पोहोचू शकतो, हे मात्र सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. तो संबंध जोडणारा दुवा म्हणजे माणसाच्या आतड्यात राहणारा पट्टकृमी.

या कृमीच्या तीन जाती माणसात वाढतात. टीनिया सॅजिनाटा गुरांच्या अर्धकच्च्या मांसातून येतो, टीनिया एशियाटिका डुकराच्या यकृतातून. दोहोंचा उपद्रव बहुधा ज्याच्या पोटात कृमी त्याच्यापुरताच राहतो. डुकराच्या मांसातून येणाऱ्या टीनिया सोलियमची गोष्ट निराळी. बाधिताच्या विष्ठेतील अंडी पाण्यातून, पालेभाजीतून वा न धुतलेल्या हातांतून दुसऱ्याच्या पोटात गेली, की अळ्या रक्तावाटे मेंदूत शिरून गाठी करतात आणि अपस्माराचे झटके सुरू होतात. आजन्म शाकाहारी कुटुंबही यातून सुटत नाही. जेथे हा रोग मुरलेला आहे, तेथील अपस्माराच्या सुमारे ३० टक्के रुग्णांमागे हे कारण असते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

अडचण अशी की, तिन्ही जातींची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली एकसारखीच दिसतात. कृमीच्या पक्व खंडातील गर्भाशयाच्या शाखा मोजण्याची जुनी रीत आहे. सोलियममध्ये त्या साधारण ७ ते १३, सॅजिनाटात बहुधा अधिक. परंतु खंड धड हाती यावा लागतो, आणि एशियाटिका या मोजणीत सॅजिनाटासारखाच भासतो. निःसंदिग्ध उत्तर देते ती जनुकीय चाचणी. नमुना फॉर्मॅलिनऐवजी अल्कोहोलमध्ये ठेवला, तर त्यातील डीएनएचा ठरावीक तुकडा पीसीआर पद्धतीने वाढवून जात ओळखता येते. उत्तर भारतातील माणसे व डुकरे यांच्या २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सोलियमसोबत एशियाटिकाही ओळखला गेला, तो अशा तपासणीनेच.

मग रुग्ण ही चाचणी का मागत नाही? कारण सरळ आहे. प्राझिक्वांटेल वा निक्लोसामाइड ही औषधे तिन्ही जातींवर चालतात. स्वतःच्या पोटातील कृमीची जात कळून त्याच्या पदरात फारसे काही पडत नाही. लाभ असतो तो शेजाऱ्याचा. अर्थशास्त्र ज्याला बाह्य परिणाम म्हणते, त्याचे याहून स्वच्छ उदाहरण विरळाच. जेथे लाभ दुसऱ्याचा, तेथे बाजार मौन पाळतो. खर्च सार्वजनिक तिजोरीनेच उचलावा लागतो. आणि तो उधळपट्टीचा नव्हे. सोलियम निघाला तर घरातील सर्वांची तपासणी आणि परिसरातील डुकरांचा शोध आवश्यक ठरतो. सॅजिनाटा निघाला तर हा व्याप वाचतो. शाळांतून वाटली जाणारी अल्बेंडाझोलची एक गोळी या कामी भरवशाची नाही.

नागपुरात पशुवैद्यक विद्यापीठ आहे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. मानव, पशू व पर्यावरण यांच्या आरोग्याचा एकत्र विचार करणाऱ्या राष्ट्रीय ‘वन हेल्थ’ संस्थेची कोनशिलाही ११ डिसेंबर २०२२ रोजी येथेच बसली. खर्चाचा अंदाज ११० कोटींहून अधिक. कोनशिलांची वाण आपल्याकडे कधीच नव्हती. हुडकेश्वरच्या एखाद्या दवाखान्यातून निघालेली नमुन्याची बाटली प्रयोगशाळेपर्यंत नेण्याचा खर्च महापालिकेने सोसायचा, आरोग्य खात्याने की पशुसंवर्धन खात्याने, एवढे तरी येत्या अंदाजपत्रकात ठरावे.