हिशेबात न बसणारं पिल्लू

माणसाची आणि कुत्र्याची मैत्री कशी जमली, असं कुणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असे : त्याला हाडं हवी होती, आपल्याला राखण हवी होती. रोखठोक व्यवहार!

जर्मनीतल्या एका पिल्लानं माझा हा हिशेब चुकवला. 1914 साली बॉनजवळच्या ओबरकासेल इथं दगडाच्या खाणीत मजुरांना सुमारे 14,000 वर्षांपूर्वीचं दफन सापडलं. एक पुरुष, एक स्त्री आणि सोबत एका जनावराची हाडं. त्यातला जबडा आधी लांडग्याचा समजला गेला. पुढे अभ्यासकांनी तो कुत्र्याचा ठरवला आणि 2013 साली डीएनएच्या तपासणीनं त्याला दुजोरा दिला.

खरी हकिकत सांगितली ती दातांनी. वाढत्या वयात मोठं दुखणं आलं की दातांच्या वरच्या थरावर त्याच्या खुणा राहतात. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या खुणा वाचल्या गेल्या. पाचव्या महिन्यात पिल्लाला बहुधा डिस्टेंपर झाला, दुखण्याचे तीन झटके आले, आणि सातव्या महिन्यात ते गेलं. असं पिल्लू ना शिकारीच्या कामाचं, ना राखणीच्या. तरी कुणीतरी त्याला ऊब दिली, भरवलं, पाणी पाजलं असणार. एरवी ते इतके आठवडे तगलंच नसतं, असं संशोधक म्हणतात.

वाचकहो, फटाक्यांना भिऊन जिन्याखाली दडलेलं एखादं कुत्रं यंदा दिसलं, तर त्याला हाकलू नका. ओळख फार जुनी आहे.