जाता जाता समुद्राचा ताप पाहणारी जहाजे



रोहिणी निघाल्या की पारावर एकच विषय असतो. परवा एका गावी सोयाबीनच्या बीजप्रक्रियेची माहिती द्यायला गेलो होतो. बोलणे जिवाणू खतावरून पावसाच्या अंदाजावर कधी घसरले, ते कळलेही नाही. एका तरुण शेतकऱ्याने मोबाइलवर समुद्राचे रंगीत चित्र काढून दाखवले. जिथे लाल तिथे पाणी गरम, जिथे निळे तिथे थंड. उपग्रहाने काढलेले चित्र. सगळ्यांनी माना डोलावल्या. कोपऱ्यात तंबाखू मळत बसलेले एक आबा मात्र म्हणाले, "साहेब, हे वरचं झालं. आत कितीक खोल तापलंय, ते कुणी बघितलं? वरची माती भिजली म्हणून कुणी पेरतं का?"

खरे सांगतो, इतका नेमका प्रश्न मला पदवीच्या वर्गातही कुणी विचारलेला आठवत नाही. वळवाची एक सर येते, वरची दोन बोटे माती काळी दिसते, आणि उतावीळ माणूस तिफण काढतो. पुढे दहा दिवस ऊन पडले की दुबार पेरणी. जाणता माणूस आधी हाताने उकरून ओल किती खोल गेली ते पाहतो. समुद्राचेही तसेच आहे. उपग्रहाला पाण्याचा अगदी वरचा पापुद्रा तेवढा दिसतो. त्याखाली गरम पाण्याचा थर पंचवीस मीटरचा आहे की शंभर मीटरचा, हे त्याला थेट दिसत नाही, आणि पावसाच्या, वादळाच्या हिशेबात तर हाच आकडा मोठा असतो.

त्याचे कारण असे. पाण्यात उष्णता फार मावते. समुद्राचा वरचा जेमतेम अडीच-तीन मीटरचा थर घेतला, तर त्यात जेवढी उष्णता मावते तेवढीच डोक्यावरच्या सगळ्या हवेत मावते. म्हणजे समुद्र हे कोठार आणि हवा ही मापट्यातली मूठभर. बंगालच्या उपसागरात चक्रीवादळ उठते तेव्हा वारा पाणी घुसळून काढतो. गरम थर पातळ असेल तर खालचे गार पाणी वर येते आणि वादळाची चूल विझू लागते. थर जाड असेल तर कितीही घुसळा, वर गरमच पाणी येणार, आणि वादळ जोर धरणार. म्हणून वादळाचा अभ्यास करणारे लोक २६ अंशांचे पाणी किती खोलवर आहे ते आवर्जून पाहतात.

मग ही समुद्राची ओल उकरून पाहायची कशी? पूर्वी अभ्यासाचे खास जहाज न्यावे लागे, ते थांबवावे लागे आणि तापमापक दोराने खाली सोडून पुन्हा वर ओढावे लागे. १९३० च्या दशकात स्पिलहाउस नावाच्या शास्त्रज्ञाने एक यंत्र तयार केले. त्यात काचेच्या छोट्या पट्टीवर सुई आपोआप रेघ ओढी, एका दिशेने खोली आणि दुसऱ्या दिशेने तापमान. दुसऱ्या महायुद्धात त्याचा फार उपयोग झाला. गरम आणि गार पाण्याच्या सीमेवर आवाज वाकतो, आणि पाणबुड्या त्या आडोशाला लपतात. पण हे यंत्र परत ओढून घ्यावे लागे. मालवाहू जहाजाचा कप्तान अशा कामासाठी खोळंबणार नाही, त्याला बंदर गाठायचे असते.

१९६० च्या दशकात यावर तोडगा निघाला, तो परत न घेण्याच्या यंत्राचा. हातभर लांबीचे, तोफेच्या गोळ्यासारखे निमुळते नळकांडे. पुढे जस्ताचे जड नाक, नाकात तापमान कळणारा बारीक कण, आणि पोटात केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे रीळ. दुसरे रीळ जहाजावरच्या नळीत असते. नळकांडे पाण्यात पडले की दोन्ही रिळे एकाच वेळी उलगडू लागतात, एक खाली, एक मागे. त्यामुळे जहाज पुढे धावत असले तरी तारेला ताण बसत नाही. आपल्याकडे पतंग उडवताना मांजा ढील देऊन सोडतात ना, तसे, फक्त दोन्ही टोकांनी. पाण्याच्या तापमानाप्रमाणे त्या कणातून वीज कमी-जास्त जाते आणि वर आकडे उमटत जातात. दोन मिनिटांत नळकांडे साधारण ७५० मीटर खाली जाते. तार संपते, तुटते, काम संपले. जहाजाने वेगसुद्धा कमी केलेला नसतो.

हे काम करणारी जहाजे म्हणजे रोजच्या धंद्यावर निघालेलीच जहाजे, मालाची, तेलाची, उतारूंची. कंपनीने वाट दिली, कप्तानाने हो म्हटले, की झाले. कुठे जहाजावरचेच खलाशी ठरल्या वेळी नळकांडे सोडतात, कुठे संस्थेचा एक माणूस सोबत जातो आणि रात्री-अपरात्री उठून दर वीस-पंचवीस किलोमीटरला एक सोडतो. तार जहाजाच्या लोखंडाला घासली की आकडे खोटे येतात, म्हणून वारा जिकडे जातो त्या बाजूला उभे राहावे लागते. न्यूयॉर्कहून बर्म्युडा बेटाला माल नेणाऱ्या ‘ओलिअँडर’ नावाच्या जहाजावरून १९७७ पासून दर महिन्याला अशी मापे घेतली जाऊ लागली. बाजारहाटाला निघालेल्या माणसाने वाटेतल्या विहिरींचे पाणी पाहत जावे, असेच हे.

आपल्याकडेही हे झालेले आहे, आणि त्याची सूत्रे गोव्यात आहेत. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने १९९० पासून चेन्नई ते पोर्ट ब्लेअर आणि पोर्ट ब्लेअर ते कोलकाता या वाटांवर उतारू जहाजांतून ही नळकांडी सोडली. (पोर्ट ब्लेअरचे नाव २०२४ मध्ये श्री विजयपुरम झाले.) पुढे कोची ते लक्षद्वीप या वाटेवरही. अंदमानला निघालेले उतारू डेकवर हवा खात बसलेले, आणि मागच्या बाजूला कुणीतरी नळकांडे सोडतो आहे, हे चित्र मला फार आवडते.

त्या मापांतून काय दिसले? बंगालच्या उपसागरात साधारणपणे वर २८-२९ अंश, दोनशे मीटरवर १५ च्या आसपास आणि सातशे मीटरवर १० च्याही खाली. हे अपेक्षितच. पण उपसागराच्या उत्तर भागात हिवाळ्यात काही ठिकाणी उलटे सापडले. वरचे पाणी गार आणि खालचे जास्त गरम! गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरी या नद्या पावसाळ्यात एवढे गोडे पाणी ओततात की ते खाऱ्या पाण्यावर सायीसारखे तरंगते. गोडे पाणी हलके. हिवाळ्यात ते गार झाले तरी हलकेपणामुळे वरच राहते आणि खालची ऊब दाबून ठेवते. आपल्या त्र्यंबकेश्वरला उगम पावलेली गोदावरीही त्या सायीत आपला वाटा घालते, हे मराठवाड्यातल्या वाचकांनी लक्षात ठेवावे. आणि विदर्भ-मराठवाड्याला ऐन पावसाळ्यात जो पाऊस मिळतो, त्यातला चांगला भाग याच उपसागरात उठून पश्चिमेकडे सरकणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांमुळे मिळतो.

समुद्राचे पोट पाहिले नाही तर काय होते, हे १९८२ साली साऱ्या जगाने पाहिले. त्या वर्षी प्रशांत महासागरात शतकातला एक मोठा एल निनो वाढत होता. एल निनो म्हणजे पश्चिमेकडचे गरम पाणी पूर्वेकडे पेरू देशाच्या बाजूला सरकणे. हे सरकणे आधी पाण्याखाली सुरू होते आणि पार पलीकडे पोचायला दोन-तीन महिने घेते, म्हणजे खाली पाहणाऱ्याला आगाऊ वर्दी मिळते. पण तेव्हा तिथे खाली पाहून वेळेवर कळवणारी व्यवस्था नव्हती. त्यातच मेक्सिकोत एल चिचॉन ज्वालामुखी फुटला, त्याच्या धुरळ्याने उपग्रहाच्या डोळ्यांपुढे पडदा आला आणि पाणी आहे त्याहून गार दिसले. शास्त्रज्ञांना उमगेपर्यंत एल निनो अंगणात येऊन बसला होता. पेरू-इक्वेडोरमध्ये महापूर, ऑस्ट्रेलियात दुष्काळ, आणि आपल्या देशातही त्या साली मोसमी पाऊस तुटीचा. त्या धड्यानंतर १९८५ ते १९९४ अशी दहा वर्षांची जागतिक मोहीम झाली. प्रशांतात तापमापकांच्या साखळ्या बांधलेले तरंगते बोये उभे राहिले आणि व्यापारी जहाजांकडून नळकांडी सोडण्याचे काम वाढले. भारताचे १९९० चे कामही त्याच मोहिमेत सुरू झाले.

आता या नळकांड्याची एक गोम सांगतो. ते तापमान मोजते, पण खोली मोजत नाही. खोली हिशेबाने काढतात. विहिरीत खडा टाकून ‘डुबुक’ ऐकू येईपर्यंत आकडे मोजावेत, तसे. नळकांडे सेकंदाला साडेसहा मीटरच्या आसपास जाते आणि तार संपेल तसे हलके होऊन किंचित मंदावते, असे सूत्र बसवलेले. पण ते सूत्र थोडे चुकले तर? १९९५ मध्ये शास्त्रज्ञांनी जोडीने केलेल्या चाचण्या एकत्र तपासल्या. अभ्यासाच्या जहाजावरून खोली खरोखर मोजणारे यंत्र आणि हे नळकांडे शेजारी शेजारी सोडायचे आणि ताडून पाहायचे. नळकांडी समजत होते त्याहून तीन टक्क्यांहून थोडी अधिक वेगाने पडत होती. साडेसातशे मीटरवर पंचवीस मीटरचा फरक! पुढे २००७ मध्ये गुरेत्स्की आणि कोल्टरमान यांनी दाखवले की चूक सगळ्या वर्षांत सारखी नाही आणि ही यंत्रे एकूण पाणी थोडे गरमच दाखवतात. १९७० च्या दशकात समुद्र एकदम तापला आणि मग निवला असे जे वाटत होते, त्यातला बराच भाग पाण्याचा नव्हता, यंत्राचा होता. दुरुस्ती केल्यावर तो खोटा उंचवटा बराचसा गेला. समुद्र तापत चालला आहे हे मात्र दुरुस्तीनंतरही तसेच राहिले, उलट अधिक स्वच्छ दिसू लागले.

हे वाचून "म्हणजे सगळेच आकडे खोटे" असे कुणी म्हणेल. मी म्हणणार नाही, कारण हा प्रसाद मी स्वतः खाल्लेला आहे. नोकरीच्या सुरुवातीला एका ठिकाणचे पर्जन्यमापक माझ्याकडे होते. मोजायची काच फुटली म्हणून मी दुसरी आणली. पर्जन्यमापकाचे तोंड दोन मापांचे असते, १०० आणि २०० चौरस सेंटिमीटर, आणि ज्याची काच त्यालाच लागते. माझे तोंड २०० चे आणि आणलेली काच १०० ची. परिणाम असा की दहा मिलिमीटर पाऊस पडला की माझ्या वहीत वीस. जवळजवळ तीन आठवडे मी दुप्पट पाऊस लिहिला, आणि त्या आकड्यांवर भरवसा ठेवून चार जणांना "पेरा, ओल पुरेशी आहे" असेही सांगून बसलो. त्यातल्या दोघांना दुबार पेरणी करावी लागली. त्यांच्या घरी जाऊन चूक सांगताना जीभ कशी जड झाली होती, ते अजून आठवते. एकाने चहा दिला, दुसऱ्याने दिला नाही. त्याचे बरोबरच होते.

पण काच कुठल्या तारखेला बदलली, ते वहीत लिहिलेले होते. त्यामुळे तेवढ्याच दिवसांचे आकडे निम्मे करता आले, आधीचे शाबूत राहिले. वरिष्ठांनी मूळ आकडे खोडू दिले नाहीत. शेजारी लाल शाईने दुरुस्त आकडा लिहायला लावला. समुद्राच्या कामातही नेमकी हीच अडचण आली. जुन्या हजारो नोंदींत नळकांडे कुठल्या जातीचे, हे लिहिलेलेच नाही. जिथे लिहिले आहे तिथे दुरुस्ती सोपी, जिथे नाही तिथे अंदाजपंचे.

आता या कामाचा मोठा भार दुसऱ्या यंत्रांनी उचलला आहे. ‘आर्गो’ नावाचे तरंगते यंत्र आपोआप दोन हजार मीटर खोल जाते, दर दहा दिवसांनी वर येते आणि उपग्रहामार्फत आकडे पाठवते. हा आकडा २००७ मध्ये तीन हजारांवर गेला. भारताचाही त्यात वाटा आहे, ते काम हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या सरकारी संस्थेकडे आहे. पाण्याखालची अशी तापमाने आज मोसमी पावसाच्या दीर्घ पल्ल्याच्या गणितात घातली जातात. मात्र आर्गो प्रवाहाबरोबर वाहत जाते, जिथे पाहिजे तिथे उभे राहत नाही. वर्षानुवर्षे एकाच ओळीवर मापे हवी असतील तर वाटसरू जहाज आणि नळकांडे हीच जोडी अजून कामाची.

आबांना हे सगळे मी पारावर बसून सांगितले. ते शेवटपर्यंत ऐकत होते. मग विचारले, "आन् त्या तांब्याच्या तारेचं काय होतं?"

"ती समुद्रातच राहते, आबा. नळकांडेही. जस्त, तांबे, प्लॅस्टिक, सगळे तळाशी."

"म्हणजे दर खेपेला गेलंच ते."

"हो, गेलंच."

आबांनी तंबाखूची चिमूट तोंडात टाकली आणि त्या तरुणाकडे वळून म्हणाले, "ऊठ, तुझ्या त्या वरच्या तुकड्यात जाऊन उकरून बघू." आम्ही तिघे गेलो. रात्रीच्या सरीची ओल चार बोटेच होती, खाली माती कोरडी ठणठणीत. त्याने तिफण पुन्हा गोठ्यात नेऊन ठेवली.